शिडी कुणी धरली?

आमच्या मिनिआपोलिसच्या वायव्येला ब्रुकलिन पार्क नावाचे उपनगर आहे. तिथे आणि आसपासच्या गावांत लायबेरियातून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या दुकानांत पामतेल, सुकी मासळी, कसाव्याची पाने मिळतात; भेंडी आणि झणझणीत मिरच्याही मिळतात. त्यामुळे आपल्यापैकी काही जणांची तिथे नेहमीची ये-जा असते. पण खरे सांगायचे तर पिशवी भरून बाहेर पडताना त्या दुकानदार बाईंच्या देशाची चौकशी आपण क्वचितच करतो. लायबेरिया म्हणजे यादवी युद्ध आणि हातात बंदुका दिलेली लहान मुले, एवढेच आपल्या डोक्यात बसलेले असते.

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझ्याबरोबर अनेक वर्षे काम केलेल्या एक लायबेरियन बाई काही काळापूर्वी निवृत्त झाल्या. निरोपाच्या जेवणाच्या वेळी मी त्यांना सहज म्हटले, "काही म्हणा, पण आफ्रिकेतली पहिली निवडून आलेली स्त्री अध्यक्ष तुमच्या देशाने दिली. अमेरिकेला अजून ते जमलेले नाही." त्या हसल्या. म्हणाल्या, "दिली खरी. पण तिला त्या खुर्चीपर्यंत कुणी पोचवले ते विचार. आणि खुर्चीत बसल्यावर तिने कुणाला वर घेतले, तेही विचार." त्यांची आई मोनरोव्हियाच्या बाजारात मासळी विकत असे.

हे दोन प्रश्न माझ्या डोक्यातून जाईनात. पुष्कळ वाचले, त्या बाईंशी पुन्हा पुन्हा बोलले, आणि जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवते आहे. आफ्रिकेतल्या स्त्रियांना राजकारणात, सरकारात पुढे आणण्यासाठी आज अनेक संस्था झटत आहेत. त्यांना नेमके काय जमते आणि काय जमत नाही, हे समजून घ्यायला लायबेरियाच्या इतिहासाइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

दोन आज्या आणि एक सासू

लायबेरियाचा जन्मच मुळी विलक्षण. अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांना आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वसवण्याचे काम १८२० नंतर सुरू झाले, आणि १८४७ साली या वसाहतकऱ्यांनी स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केले. पुढची एकशेतेहतीस वर्षे सत्ता बहुतांशी याच मूठभर घराण्यांच्या हाती राहिली. आधीपासून तिथे राहणारे गोला, क्रू, क्पेले इत्यादी लोक आपल्याच देशात दुय्यम ठरले.

एलन जॉन्सन सरलीफ यांचा जन्म मोनरोव्हियात १९३८ साली झाला. त्यांचे वडील एका गोला मुखियाचे पुत्र. देशाच्या कायदेमंडळात बसणारे ते पहिले मूळनिवासी गृहस्थ होते. आईची आई क्रू जमातीची, आणि आईचे वडील जर्मन व्यापारी. एलनबाईंच्या दोन्ही आज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण त्या दोन आज्यांनी आपापली मुले शहरातल्या घरांत शिकायला पाठवली. लेकरू हातचे जाईल, आपली भाषा विसरेल, हे ठाऊक असूनही पाठवली. ही या शिडीची पहिली पायरी.

सतराव्या वर्षी एलनबाईंचे लग्न झाले आणि पाठोपाठ चार मुलगे झाले. १९६१ च्या सुमारास नवऱ्याला विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकण्याची संधी मिळाली, तेव्हा त्यांनीही मॅडिसनच्या बिझनेस कॉलेजात नाव घातले. मुले मागे राहिली, आजी आणि आजी मिळून, म्हणजे एलनबाईंची आई आणि सासू यांच्याकडे. बर्फाळ मॅडिसनमध्ये त्यांनी औषधाच्या दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर टेबले पुसली, फरशी झाडली. आपल्यातल्या पुष्कळांना हे चित्र ओळखीचे वाटेल. कुणी कॅफेटेरियात भांडी घासली असतील, कुणी रात्री पेट्रोलपंपावर बसले असतील, आणि कुणाची तान्ही मुले पुण्याला किंवा सांगलीला आजीजवळ राहिली असतील. त्या आजीचे नाव पदवीच्या कागदावर कधीच येत नाही.

नवरा मारझोड करी. अखेर त्या त्यातून बाहेर पडल्या आणि अर्थखात्यात नोकरी करू लागल्या. १९६९ साली मोनरोव्हियात भरलेल्या एका परिषदेत त्यांनी सरकारच्या आर्थिक धोरणावर सडकून टीका केली. हार्वर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ गुस्ताव पापानेक तिथे हजर होते. ही बाई इथे राहिली तर अडचणीत येईल आणि हिच्यात गुण तर आहे, हे त्यांनी ओळखले, आणि हार्वर्डला जाण्याची वाट करून दिली. १९७१ साली एलनबाई तिथून सार्वजनिक प्रशासनाची पदवी घेऊन परतल्या. "मेंटर" हा शब्द आता फार स्वस्त झाला आहे. पण त्याचा खरा अर्थ या प्रसंगात दिसतो. पापानेक यांनी उपदेश केला नाही, बंद दाराची कडी आतून काढून दिली.

पुढचा काळ धामधुमीचा गेला. १९७९ मध्ये त्या अर्थमंत्री झाल्या. एप्रिल १९८० मध्ये सॅम्युएल डो या लष्करी सार्जंटने सत्ता बळकावली, अध्यक्ष टॉल्बर्ट यांचा खून झाला आणि तेरा बड्या अधिकाऱ्यांना समुद्रकिनाऱ्यावर खांबांना बांधून गोळ्या घातल्या गेल्या. जे थोडे मंत्री वाचले त्यांत एलनबाई होत्या. नंतर नैरोबीला बँकेत नोकरी केली, १९८५ मध्ये निवडणुकीसाठी परत आल्या, डो यांच्या सरकारवर टीका केली म्हणून दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. बाहेरून, विशेषतः अमेरिकेतून, दडपण आल्याने सुटका झाली, पुन्हा अटक झाली, आणि १९८६ मध्ये देश सोडावा लागला. वॉशिंग्टनमधली बँक, मग यूनोच्या विकास कार्यक्रमात आफ्रिका विभागाचे प्रमुखपद. थोडक्यात, आपल्यासारखेच परदेशी राहून, चांगल्या पगारावर, मायदेशाच्या बातम्या वाचत बसणे. फरक एवढाच, की त्या परत जात राहिल्या.

मासळीबाजारासमोरचे मैदान

१९८९ च्या नाताळात चार्ल्स टेलर यांच्या बंडखोरांनी युद्ध पेटवले. मधली थोडी वर्षे सोडली तर ते २००३ पर्यंत चालले. सुमारे अडीच लाख माणसे मेली असावीत, असा अंदाज आहे. तीस लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात! स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

या काळात पहिल्यांदा पुढे आल्या त्या मेरी ब्राउनेल नावाच्या शिक्षिका. १९९४ साली त्यांनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी एक स्त्री-संघटना उभारली. आधी शस्त्रे काढून घ्या, मग निवडणुका घ्या, आणि वाटाघाटीत आम्हाला जागा द्या, या त्यांच्या मागण्या. शेजारच्या देशांत भरणाऱ्या शांतता-परिषदांना या बायका बिनबोलावता जात, दाराशी उभ्या राहत. १९९६ साली अबुजा येथील वाटाघाटींनंतर हंगामी सरकारच्या प्रमुखपदी माजी सिनेटर रूथ पेरी यांची निवड झाली. आधुनिक आफ्रिकेत देशाच्या प्रमुखपदी आलेल्या त्या पहिल्या स्त्री. निवडणुकीने आलेल्या नव्हत्या, म्हणून त्यांचे नाव मागे पडते. पण १९९७ ची निवडणूक पार पाडून त्या शांतपणे बाजूला झाल्या. ती निवडणूक टेलर यांनी भरघोस मतांनी जिंकली आणि एलनबाईंना जेमतेम दहा टक्के मते मिळाली.

दुसऱ्या युद्धात पुढे आल्या लेमा बोवी. युद्ध सुरू झाले तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. पुढे मारहाण करणारा जोडीदार, चार मुले, खिशात पैसा नाही. ल्यूथरन चर्चच्या एका कार्यक्रमात, युद्धाने मनावर घाव झालेल्या लोकांबरोबर त्या काम करू लागल्या. तिथल्या वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी त्यांच्या हातात पुस्तके दिली. त्यांत मार्टिन ल्यूथर किंग होते आणि आपले गांधीजीही होते. मुलांकडे बहिणीने पाहिले. इथेही पहिला आधार घरातल्याच बाईचा.

त्यानंतर भेटल्या थेल्मा एकियोर. या तरुण नायजेरियन वकीलबाईंची कल्पना अशी की पश्चिम आफ्रिकेतल्या शांतता-कार्यात स्त्रियांचे स्वतंत्र जाळे हवे. २००१ मध्ये घानातल्या आक्रा येथे त्याची सुरुवात झाली आणि लायबेरियातल्या कामाची सूत्रे बोवी यांच्याकडे आली. एकियोर यांनी प्रशिक्षणाची वही तयार केली होती. तिची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. राजकारणाचा विषय काढण्याआधी प्रत्येकीने वर्तुळात बसून स्वतःची कहाणी सांगायची आणि बाकीच्यांनी मध्ये न बोलता ऐकायची. स्वतःचे दुःख बोलून दाखवता आले, की हुकूमशहापुढेही बोलता येते, असा त्यामागचा विचार.

एप्रिल २००३ पासून मोनरोव्हियात मासळीबाजाराजवळच्या मोकळ्या मैदानावर पांढरे कपडे घातलेल्या बायका रोज येऊन बसू लागल्या. ख्रिस्ती होत्या, मुसलमान होत्या. मुसलमान बायकांना आणण्यात पोलीस खात्यातल्या असाटू बा केनेथ यांचा मोठा वाटा होता. मैदान मुद्दाम निवडलेले. टेलर यांच्या गाड्यांचा ताफा त्याच रस्त्याने जाई. ऊन असो की पश्चिम आफ्रिकेतला धो धो पाऊस, बायका हलल्या नाहीत. नवऱ्यांशी अबोला आणि असहकार पुकारल्याच्या बातमीने परदेशी वार्ताहरांना भुरळ घातली. बोवी यांनीच पुढे सांगितले आहे, की त्याचा प्रत्यक्ष उपयोग थोडा, गाजावाजा जास्त झाला. खरे काम केले ते रोज येऊन बसण्याने.

इथे आणखी एक नाव घ्यायला हवे. ग्रेस मायनर या सिनेटच्या प्रमुखपदी होत्या, म्हणजे टेलर यांच्याच गोटातल्या. बोवी यांनी लिहून ठेवले आहे, की त्यांनी गुपचूप, स्वतःच्या जिवाला धोका पत्करून या आंदोलनाला पदरचे बरेच पैसे दिले. ज्या दिवशी टेलर बायकांना भेटायला तयार झाले, त्या दिवशी बोवी यांनी निवेदन वाचताना तोंड मायनरबाईंकडे केले होते. सत्तेच्या आत बसलेली एखादी बाई बाहेरच्यांसाठी काय करू शकते, याचे हे उदाहरण.

जून २००३ मध्ये आक्रा येथे वाटाघाटी सुरू झाल्या. लढणारे सरदार यूनोच्या आणि इतरांच्या खर्चाने हॉटेलात राहत होते आणि मोनरोव्हियावर तोफगोळे पडत होते. जुलैमध्ये एके दिवशी बोवी आणि त्यांच्या सहकारी सभागृहाच्या दारात हातांत हात अडकवून बसल्या. करार होईपर्यंत कुणालाही बाहेर पडू देणार नाही! सुरक्षारक्षक अटक करायला आले तेव्हा बोवी यांनी अंगावरचे कपडे उतरवायला सुरुवात केली. आईच्या वयाच्या बाईला असे करायला भाग पाडणे हा तिकडे मोठा शाप समजला जातो. रक्षक मागे सरले. मध्यस्थ जनरल अबुबकर यांनी बायकांचे म्हणणे ऐकून घेतले आणि वाटाघाटींचा सूर बदलला. ११ ऑगस्टला टेलर देश सोडून गेले आणि १८ ऑगस्ट २००३ रोजी करारावर सह्या झाल्या. शेजारच्या देशांतल्या स्त्रियांनी मिळून स्थापन केलेल्या मानो नदी शांतता जाळ्याने साक्षीदार म्हणून त्यावर सही केली.

बाजारवाल्या

२००५ च्या निवडणुकीत एलनबाईंसमोर होता जॉर्ज विआ, जगातला सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू म्हणून १९९५ साली गौरवलेला, झोपडपट्टीतून वर आलेला, तरुणांचा लाडका. ११ ऑक्टोबरच्या पहिल्या फेरीत विआ यांना २८.३ टक्के आणि एलनबाईंना १९.८ टक्के मते पडली. ८ नोव्हेंबरच्या दुसऱ्या फेरीत मात्र एलनबाई ५९.४ टक्के मतांनी निवडून आल्या. हे घडले कसे?

याचे मोठे श्रेय मतदार-नोंदणीला जाते. नोंदणीच्या वेळी स्त्री-संघटनांच्या लक्षात आले, की बायका नोंदणीला येतच नाहीत. कारण साधे होते. बाजारातली टोपली सोडून रांगेत उभे राहिले तर त्या दिवशीची चूल पेटत नाही. मग मैदानावर बसलेल्या याच बायका बाजारांत गेल्या. एकीने रांगेत उभे राहायचे, दुसरीने तिची टोपली आणि तान्हे मूल सांभाळायचे, असे चालले. अखेर नोंदलेल्या मतदारांत निम्म्याच्या आसपास स्त्रिया होत्या. निवडणूक आयोगाच्या प्रमुखपदीही फ्रान्सिस जॉन्सन-मॉरिस ही स्त्रीच होती.

सगळेच काही सोज्वळ नव्हते. लायबेरियात जन्मलेल्या पत्रकार हेलीन कूपर यांनी एलनबाईंच्या चरित्रात लिहिले आहे, की काही बाजारवाल्यांनी बिअरच्या बदल्यात तरुणांकडून मतदार-कार्डे घेतली आणि काही आयांनी तर पोटच्या मुलांची कार्डे लपवून ठेवली. हे मी माझ्या मैत्रिणीला विचारले, तेव्हा त्या नुसत्या हसल्या. गैर ते गैरच. पण चौदा वर्षे ज्यांनी मुलगे गमावले, मुली गमावल्या, त्यांना आता पुन्हा जुगार खेळायचा नव्हता, एवढे त्यातून कळते.

१६ जानेवारी २००६ रोजी शपथविधी झाला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. दोन निरक्षर आज्या, आई आणि सासू, एक परदेशी प्राध्यापक, एक शाळामास्तरीण, एक नायजेरियन वकील, मासळीबाजारातल्या हजारो बायका, अशा सगळ्यांनी धरलेली ही शिडी. यातल्या किती जणींना "नेतृत्व-विकास" हा शब्द माहीत होता?

खुर्चीत बसल्यानंतर

आता दुसरा प्रश्न. तो अधिक अवघड आहे.

आरंभ चांगला झाला. जागतिक बँकेतून आलेल्या अँटोइनेट साये अर्थमंत्री झाल्या. पुढे त्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत आफ्रिका विभागाच्या प्रमुख आणि नंतर उपव्यवस्थापकीय संचालक झाल्या. न्यायखाते, व्यापारखाते, पोलीसप्रमुखपद इथेही स्त्रिया आल्या. लैंगिक अत्याचारांच्या खटल्यांसाठी स्वतंत्र न्यायालय निघाले. २०१० पर्यंत परदेशी कर्जाचा प्रचंड बोजा बहुतांशी माफ करून घेतला. बाजारवाल्यांसाठी एक निधी उभा राहिला. त्यातून बाजारांना छपरे, पाणी, संडास आले आणि साक्षरतेचे वर्ग सुरू झाले.

याच काळात आपल्या देशाचाही एक धागा या कहाणीत गुंफला गेला. जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या शंभराहून अधिक स्त्रियांची तुकडी सीमा धुंडिया यांच्या नेतृत्वाखाली यूनोच्या वतीने लायबेरियात उतरली. यूनोच्या शांतिसेनेतली ती केवळ स्त्रियांची पहिली पोलीस तुकडी. निळ्या टोप्या घातलेल्या या मुली अध्यक्षांच्या कचेरीवर पहारा देत, रात्री मोनरोव्हियात गस्त घालत, आणि सुट्टीच्या वेळात शाळकरी मुलींना स्वसंरक्षण शिकवत. तुकड्या बदलत गेल्या, काम २०१६ पर्यंत चालले. यूनोच्या म्हणण्याप्रमाणे या काळात लायबेरियाच्या सुरक्षा-दलांतले स्त्रियांचे प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेले. सगळे श्रेय आपल्या मुलींना देणे बरोबर नाही. पण त्यांना रोज रस्त्यावर पाहून पोलिसात जावेसे वाटलेल्या मुली होत्या, हे तिथल्या लोकांनी वारंवार सांगितले आहे. मेंटर होण्यासाठी दर वेळी तोंड उघडावे लागते असे नाही.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. २००५ च्या निवडणुकीत प्रतिनिधीगृहाच्या ६४ जागांपैकी ८ जागांवर स्त्रिया आल्या. २०१७ च्या निवडणुकीत ७३ पैकी ९ वर. म्हणजे बारा वर्षे देशाच्या सर्वोच्च पदावर स्त्री असूनही प्रमाण आठव्या हिश्श्यावरच राहिले. सिनेटमध्ये २००५ साली ३० पैकी ५ स्त्रिया होत्या. तिथे तर संख्या घटली. २०१७ मध्ये अध्यक्षपदासाठी वीस उमेदवार उभे होते, त्यांत स्त्री एकच. प्रत्येक पक्षाने तीस टक्के उमेदवारी स्त्रियांना द्यावी, हे २००५ साली नुसते मार्गदर्शक तत्त्व होते. पुढे २०१४ मध्ये ते कायद्यात आले, तेही "प्रयत्न करावा" अशा गुळमुळीत शब्दांत.

स्वतः एलनबाईंवरही गंभीर आक्षेप आहेत. युद्धाच्या आरंभी त्यांनी टेलर यांना पैशांची मदत केली होती. ते त्यांनी कबूल केले आणि माफीही मागितली. पण सत्यशोधन आयोगाने २००९ मध्ये त्यांच्यावर तीस वर्षांच्या पदबंदीची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने पुढे अशी बंदी घटनाबाह्य ठरवली. मुलांना मोठ्या जागांवर नेमल्याचा आरोप तर घरच्याच माणसाने केला. २०११ चे नोबेल शांतता पारितोषिक एलनबाई, लेमा बोवी आणि येमेनच्या तवक्कुल करमान यांना विभागून मिळाले होते. पुढच्याच वर्षी बोवी यांनी याच मुद्द्यावर जाहीर टीका करून राष्ट्रीय सलोखा समितीचे प्रमुखपद सोडले. माझ्या मते, या टीकेने एलनबाईंचे कर्तृत्व कमी होत नाही. पण "पहिली स्त्री" आली की बाकीच्या आपोआप मागून येतात, हा भाबडा समज मात्र मोडीत निघतो.

तुलनेसाठी रवांडा पाहा. तिथे २००३ च्या घटनेने संसदेतल्या किमान तीस टक्के जागा स्त्रियांना दिल्या आणि खेड्यापासून वरपर्यंत स्त्रियांच्या परिषदा बांधल्या. तिथे काम शिकलेल्या बायका वर गेल्या. २००८ मध्ये ८० पैकी ४५ जागांवर स्त्रिया निवडून आल्या. स्त्रियांचे बहुमत असलेली ती जगातली पहिली संसद. तिथेही खरी सत्ता एका हाती एकवटलेली आहे, आणि जागा मिळणे म्हणजे अधिकार मिळणे नव्हे, हे विसरून चालत नाही. तरीही आकडे बोलतात. रवांडाने शिडी भिंतीला पक्की ठोकली. लायबेरियाने ती दर वेळी कुणाच्या तरी खांद्यावर उभी केली.

उशिरा टाकलेली शिडी

जानेवारी २०१८ मध्ये एलनबाई पायउतार झाल्या. त्यांच्यानंतर जॉर्ज विआ अध्यक्ष झाले. एका निवडून आलेल्या अध्यक्षाने दुसऱ्याकडे शांतपणे सत्ता सोपवण्याची १९४४ नंतरची ही पहिलीच वेळ. पाठोपाठ त्यांना मो इब्राहिम पारितोषिक मिळाले. मुदत संपल्यावर खुर्ची सोडणाऱ्या आफ्रिकन राष्ट्रप्रमुखांना ते दिले जाते. ८ मार्च २०२० रोजी त्यांनी मोनरोव्हियात आपल्या नावाचे केंद्र सुरू केले. त्याच्या मुख्य उपक्रमाचे नाव "अमुजाए". क्रू भाषेत याचा अर्थ "आम्ही वर चाललो आहोत". निरक्षर आजीच्या भाषेतला हा शब्द नातीने म्हातारपणी शोधून काढला, याचे मला फार अप्रूप वाटले.

अमुजाएची रीत अशी. आफ्रिकेतल्या निरनिराळ्या देशांतून दर वर्षी काही मोजक्या स्त्रिया निवडायच्या. नवशिक्या नव्हेत, तर ज्यांनी आधीच सार्वजनिक कामात पाय रोवला आहे आणि ज्यांना आणखी वरच्या पदावर जायचे आहे अशा. त्यांना माजी राष्ट्रप्रमुख, मंत्री झालेल्या ज्येष्ठ स्त्रियांशी जोडून द्यायचे. आणि त्यांनी आपसांत एकमेकींना धरून राहायचे. वरच्या पदावरची बाई फार एकटी असते, तिला खरे बोलणारे कुणी नसते, हे एलनबाईंनी स्वतः अनुभवलेले.

ही कल्पना एकट्या त्यांची नव्हे. १९८५ साली लंडनमध्ये राहणाऱ्या काही आफ्रिकन स्त्रियांनी "अकिना मामा वा आफ्रिका" ही संस्था काढली. परदेशात राहणाऱ्या बायकांचे मंडळच म्हणा ना! पण संक्रांतीच्या हळदीकुंकवावर त्या थांबल्या नाहीत. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी तरुण आफ्रिकन स्त्रियांसाठी नेतृत्वाची शाळा सुरू केली आणि पुढे संस्थेचे ठाणे युगांडात कंपालाला हलवले. तिच्या संचालक बिसी अडेलेये-फयेमी यांनी २००० साली दोन मैत्रिणींबरोबर आफ्रिकन स्त्रियांचा विकास-निधी स्थापन केला. त्यामागचा विचार असा, की सल्ला देणारे पुष्कळ असतात, पण सभेला जायचे बसभाडे कोण देतो? २०१७ मध्ये यूनो आणि आफ्रिकन संघाच्या पाठिंब्याने आफ्रिकन स्त्री-नेत्यांचे जाळेही उभे राहिले.

मलावीत जॉइस बांडा, मध्य आफ्रिकेत कॅथरीन सांबा-पांझा, टांझानियात सामिया सुलुहू हसन असे चेहरे एलनबाईंच्या मागून आले. पण त्या पदावरच्या अध्यक्षाच्या मृत्यूनंतर किंवा हंगामी म्हणून आल्या. थेट निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्षपदी दुसरी स्त्री यायला नामिबियाच्या नेतुम्बो नांदी-नदैतवा यांची वाट पाहावी लागली. त्यांनी मार्च २०२५ मध्ये शपथ घेतली. दोघींमध्ये एकोणीस वर्षांचे अंतर.

माझ्या मैत्रिणीला मी हे सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "एलनने हे केंद्र खुर्चीत असताना काढले असते तर?" मग थोडे थांबून म्हणाल्या, "पण माझ्या आईने तिला मत दिले ते तिने सगळे करावे म्हणून नव्हते. गोळीबार थांबावा म्हणून. आणि तो थांबला."

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. या इतिहासातून मी एवढेच घेतले, की कुणाही स्त्रीला पुढे आणायचे तर चार गोष्टी लागतात: तिची मुले सांभाळणारे कुणीतरी, दार उघडून देणारे कुणीतरी, प्रवासखर्चाचे पैसे, आणि तिला नाकारता येणार नाही अशी कायद्याने दिलेली जागा. कौतुकाचे भाषण या यादीत नाही.

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात स्वयंपाकघरात कोण असते आणि अध्यक्षीय भाषण बहुधा कोण करते, हे वाचकांना सांगायला नको. पुढच्या कार्यकारिणीच्या वेळी एखाद्या तरुण मुलीचे नाव सुचवावेसे वाटले तर नुसते नाव सुचवू नका. सभेच्या संध्याकाळी तिचे मूल कोण सांभाळणार, ते आधी ठरवा. माझे नाव त्या यादीत पहिले लिहा.